उंबऱ्याबाहेरचं तीर्थ

दिवाळी अंकासाठी लिहा असं सांगायला जे गृहस्थ आमच्या घरी आले होते, त्यांना माझ्याकडून चमत्कार हवे होते. 'एवढी वर्षं देवाला कौल लावलेत, काहीतरी दैवी पाहिलं असेलच की,' असं ते म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि खरं ते सांगितलं. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात मी सगळा जन्म रवळनाथाचा गुरव म्हणून काढला आणि या सगळ्या काळात पाहिली ती माणसं. देव आपल्या जागी होता, काळा आणि शांत. गडबड करत होती ती समोरची माणसं. गृहस्थांची थोडी निराशा झाली, पण चहा त्यांनी संपवला आणि 'मग माणसांचं लिहा' म्हणून गेले.

गुरवाचं काम काय असतं ते आधी सांगतो, कारण शहरातल्या लोकांना ते नुसतं घंटा वाजवण्याचं काम वाटतं. सकाळी देवाला न्हाऊ घालायचं, चंदन लावायचं, फुलं चढवायची, नैवेद्य दाखवायचा. हे कुणालाही शिकता येतं. खरं काम पुढे असतं. लोक येतात आणि म्हणतात, देवाला विचारा. मग पिटकोळीच्या ओल्या कळ्या देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे लावायच्या आणि देवासमोर त्या माणसाचं सांगणं, म्हणजे गाऱ्हाणं, करायचं. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कधी लगेच पडते, कधी तासभर चिकटून बसते. लोकांना वाटतं, कसब कळी लावण्यात आहे. कळी तर कुणीही लावील. कसब प्रश्न घालण्यात असतं. 'माझ्या मुलीचं लग्न कधी होईल, आणि जागा डिचोलीची बरी की फोंड्याची, आणि धाकटीचं काय,' असं एका दमात विचारलं तर देवाने कुठली कळी पाडायची? मी अशा माणसाला खांबाशी बसवायचो आणि त्याच्या मनातला नेमका एक प्रश्न बाहेर काढायचो. पुष्कळदा तो प्रश्न बाहेर आला की माणूस म्हणायचा, राहू दे, कळी नको, मला कळलं. अशा वेळी मला मनातून फार बरं वाटायचं.

दुसरं काम तीर्थाचं. त्याला आमच्याकडे एक नियम आहे. तीर्थ घ्यायला माणसाने गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी यायचं. तो गावकर असो नाहीतर मंत्री, मी उंबऱ्याच्या आत आणि तो बाहेर, मधे पळी. उंबरा ओलांडून अंगणात तीर्थ नेऊन द्यायचं ते फक्त आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. धडधाकट माणूस तुळशीपाशी उभा राहून हात पुढे करायला लागला तर मी त्याला तिथूनच ओरडायचो, 'पाय मोडले काय रे तुझे?' सगळे हसायचे आणि तो निमूट आत यायचा.

एकदा शेजारच्या गावचा एक सुतार आला. नाव मुद्दाम लिहीत नाही. मटक्याचा भारी नाद. मला म्हणतो, "गुरवानु, देवाक इचारा, आज आकडो खयचो येतलो?" मी म्हटलं, "बाबा रे, देव होय आणि नाही एवढंच सांगतो, आकडे सांगत नाही." तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "मगे असा करा. आदी इचारा, शून्य येतला काय? मगे इचारा, एक येतलो काय?" म्हणजे नवापर्यंत सगळे कौल एकामागून एक लावायचे! त्याच्या डोक्याचं मला कौतुकच वाटलं. मी दोन-तीन कळ्या लावल्या, सगळ्या डाव्या पडल्या, आणि मी त्याला म्हटलं, देवाला तुझा धंदा पसंत नाही, घरी जा. ही गोष्ट मी कित्येक वर्षं चहाच्या दुकानात रंगवून सांगत आलो आणि लोक पोट धरून हसत आले. त्या दिवशी त्याची बायको त्याच्या मागे खांबाला टेकून उभी होती. ती हसत नव्हती. तिच्याकडे मी नीट पाहिलं नव्हतं, हे पुढे माझ्या घरी जे घडलं त्यानंतर मला आठवलं.

आता फोंडूचं सांगतो, म्हणजे गावाची चूक कशी झाली ते कळेल. फोंडू ताडाच्या झाडासारखा उंच माणूस, आणि दारू अशी प्यायचा की भर दुपारी देवळाच्या पायऱ्यांवर आडवा. शेवटी गावाचे मानकरी बाबल गांवकर यांनी त्याला धरून आणलं, देवळाच्या तळीवर न्हाऊ घातलं आणि ओल्या कपड्यानिशी देवासमोर उभं केलं. मी सांगणं घातलं. आमच्याकडे शपथेच्या सांगण्याला दोन भाग असतात. पहिल्यात माणसाचा शब्द देवाच्या पायाशी ठेवायचा. दुसऱ्यात तो मोडला तर काय भोगावं लागेल ते बोलायचं. प्रत्येक वाक्याला मागची मंडळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात. फोंडूने त्या दिवसापासून मरेपर्यंत थेंबाला हात लावला नाही. गावात त्याचा दाखला झाला. कुणाच्या घरी काही व्यसन निघालं की लोक म्हणायचे, फोंडूसारखा देवासमोर उभा करा.

आणि मग आमच्याच घरात निघालं.

माझा एकच मुलगा, सदा. आई लवकर गेली त्याची. लहानपणापासून माझ्याबरोबर देवळात असायचा. कळी लावायला मी त्याला शिकवलं होतं आणि त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता हे मी कौतुकाने सांगत नाही, खरंच सांगतो. पण देवळाच्या मिळकतीवर हल्ली कुणाचं घर चालतं? तो टॅक्सी चालवायला लागला. डिचोलीची शैला सून म्हणून घरात आली, एक मुलगी झाली. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर तो तिथे गाडी घेऊन उभा राहायला लागला. त्या धंद्यात चालवण्यापेक्षा वाट पाहणंच जास्त. नंबर येईपर्यंत गाडीत बसून राहायचं आणि हातात मोबाइल. सगळेच खेळत होते, हाही खेळायला लागला. पत्ते. रमी. घरी आम्हीही गणपतीत रमी खेळतो, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तो जेवताना मोबाइल ताटाशेजारी उलटा घालून ठेवायचा एवढं माझ्या नजरेला आलं होतं.

दारू पिणाऱ्याला वास येतो, पाय लटपटतात. याला काहीच नाही. उलट तो फार गोड बोलायला लागला होता. मुलीसाठी खेळणी आणायचा, मला नवा पंचा आणायचा. जिंकल्याच्या दिवशी आणत होता हे तेव्हा कुठे ठाऊक होतं! शैलाच्या गळ्यातलं मंगळसूत्र जाऊन काळ्या मण्यांची साधी पोत आली तेव्हा तिने मला सांगितलं, की तुटलं म्हणून सोनाराकडे दिलंय. सदाने तिलाही तसंच सांगितलेलं होतं.

मला कळलं ते देवळात. सोमवार होता, आरतीनंतर तीर्थाची रांग लागली होती. रांगेत एक अनोळखी तरुण, कपडे नीटनेटके, कपाळाला गंध. उंबऱ्यापाशी आला, उजव्या हाताची ओंजळ केली, तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि अगदी आदराने विचारलं, "काका, सदानंद खय गावतलो? गाडयेचे हप्ते थकले आसत." मागे गावातली माणसं उभी. मी पुढच्याच्या हातावर तीर्थ घातलं, आणि त्याच्या पुढच्याच्या. हात चालत राहिले. त्या तरुणाला मी प्रसादही दिला. घरी येऊन सदाला विचारलं तेव्हा कळलं, पैसे मोबाइलवरच्या रमीत जात होते. आठवड्याभरात दारातली टॅक्सी गेली.

टॅक्सी गेली त्या संध्याकाळी बाबल गांवकर घरी आले. माझ्याच वयाचे, एकत्र वाढलेलो. "पांडू," ते म्हणाले, "फोंडूची दारू कोणी सोडयली? डॉक्टरान? रवळनाथान सोडयली. सदाक देवळात घेवन ये." मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला दुसरं काही सुचतच नव्हतं. सुताराला सुतारकाम सुचतं तसं मला देऊळ सुचलं. सदाने नाही म्हटलं नाही. तो रडला, माझे पाय धरले आणि म्हणाला, तुम्ही म्हणाल ते करतो. शैला चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "बाबा, ह्यांच्यान झेपतला काय?" आम्ही तोवर दिवस ठरवायला लागलो होतो.

काही देवस्थानांत असा नियम आहे म्हणतात, की गुरवाने आपल्या घरचं सांगणं आपल्या तोंडाने घालू नये. आमच्याकडे तसा नाही. असता तर बरं झालं असतं.

सदा तळीवर न्हाऊन आला. ओलं धोतर, ओले केस, उंबऱ्यावर उजवा हात टेकून उभा. लहानपणी याच उंबऱ्यावर बसून फुलं निवडायचा. मी सांगणं सुरू केलं. "बा रवळनाथा, तुझ्या ह्या लेकरान आज तुझ्या पायाकडे शब्द ठेवलो आसा. जन्मात परत जुगाराक हात लावचो नाय." मागून आवाज आला, व्हय म्हाराजा. मग दुसरा भाग. तोंडाला सवय असते. इतरांसाठी जे शब्द शेकडो वेळा घातले तेच माझ्या तोंडून सरळ बाहेर पडले: शब्द मोडला तर भोग त्याच्या अंगावर, त्याच्या घरादारावर, त्याच्या मुलाबाळांवर. व्हय म्हाराजा. सदाची मुलगी तेव्हा शैलाच्या कडेवर होती आणि घंटेच्या दोरीकडे हात करत होती. ते शब्द मी माझ्या नातीवर घातले हे मला घरी येऊन जेवायला बसल्यावर कळलं. मी ताटावरून उठलो.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. गावातल्याच एका गॅरेजमध्ये तो कामाला लागला. सकाळी मला फुलं काढून द्यायचा. मी मनात म्हटलं, फोंडूचं झालं तसंच झालं.

मग तो देवळाच्या वाटेने जाईनासा झाला. आमच्या घराकडून रस्त्याला जायचं तर देवळासमोरून जावं लागतं. सदा शेतातून, बांधावरून, चिखल तुडवत जायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, जवळ पडतं. जवळ कसलं, अर्धा मैल लांब. मला तेव्हाच समजायला हवं होतं; देवाला टाळणारी माणसं मी जन्मभर पाहिली आहेत. पण आपल्याच मुलाकडे पाहताना माणसाला समोरचं दिसत नाही.

त्याच सुमारास नातीला ताप आला. साधाच ताप, पावसाळ्यात सगळ्या मुलांना येतो तसा. डॉक्टरने औषध दिलं. सदा तिच्या उशाशी बसला होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, याला काहीतरी झालंय. मुलीचा ताप उतरला. ती उठून पेज प्यायली. आणि त्याच दिवशी सदा घरातून गेला. शैलाला फोन करून एवढंच सांगितलं, की मी म्हापशाला राहतो, मला शोधू नका, मी घरात असलो तर तुम्हाला बाधेल.

तेव्हा आम्हाला कळलं. शपथ त्याने केव्हाच मोडली होती. फोंडूने मोडली असती तर तो पायऱ्यांवर पडलेला दिसला असता आणि आम्ही त्याला पुन्हा उचलला असता. सदाची मोडलेली कुणाला दिसली नाही. आणि तो ती कुणाला सांगू शकला नाही, कारण सांगणं म्हणजे देवाचा कोप आपल्या मुलीवर ओढवल्याची कबुली देणं. शपथेने खेळ थांबला नव्हता, त्याचं बोलणं तेवढं थांबलं होतं.

सगळी पुरुषमंडळी हात चोळत बसली असताना शैला पणजीला गेली. कुणीतरी तिला एका डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला होता, अशा व्यसनांकडे पाहणाऱ्या. बस बदलत बदलत गेली, मुलीला माझ्याकडे ठेवून. परत आली ती माझ्यासमोर कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसली. एरवी ती माझ्यासमोर कधी बसत नसे.

"बाबा, डॉक्टरीण म्हणता ह्यो रोग आसा. बरो होता, पण मधी मधी परत पडता. पडलो तर घरा येवन सांगूक जागा व्हयी. नायतर माणूस लपता आणि लपलो काय अजून खेळता."

मी म्हटलं, देवासमोर शब्द दिलाय त्याने.

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचे वडील शिरगावच्या लईराईचे धोंड, वर्षानुवर्षं व्रत करणारे, निखाऱ्यांवरून चालणारे. "माझो बापूस धोंड जाता," ती म्हणाली, "थोडे दिस व्रत पाळता. सोवळ्यान रवता, येगळा जेवता. जत्रा झाली काय घरा येता आणि आमच्यावांगडा बसान माशांची कढी खाता. व्रताक शेवट आसता म्हणान तो ता पाळूक शकता. तुमी ह्यांका जन्माचा व्रत घातलास. ता कोण पाळतलो?"

मी सांगण्यात शब्द बसवणारा माणूस. पण मला या पोरीने जे सांगितलं ते कधी सुचलं नव्हतं. मी उठून बाहेर गेलो आणि विहिरीच्या कठड्यावर बसून रडलो.

सांगणं सोडवता येतं. ज्याने घातलं त्यानेच देवाला विचारून ते परत घ्यायचं, अशी रीत आहे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या नैवेद्यानंतर देवळात कुणी नसताना मी कळ्या लावल्या. शैला खांबाशी उभी राहिली. मी देवाला म्हटलं, याला शब्दातून मोकळा कर, भोग असेल तो माझ्यावर घाल. कळ्या पडल्या नाहीत. मी वाट पाहिली. कळ्या सुकायला लागल्या. मी नव्या ओल्या लावल्या आणि प्रश्न बदलून विचारला. पुन्हा बदलला. जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न बांधून देणारा मी, त्या दिवशी मला एक प्रश्न धड बांधता येईना. ना उजवी पडली, ना डावी. कौलारातून येणारा उन्हाचा कवडसा देवाच्या पायांवरून सरकून भिंतीवर गेला.

शैला म्हणाली, "बाबा, देव काय सांगूचो नाय. बापूस तुमी मा?"

मी गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं आणि म्हापशाची बस पकडली.

त्याच्या टॅक्सीवाल्या सोबत्यांना विचारत पत्ता लागला. बाजाराच्या मागे एका जुन्या घरात वरची खोली. जिना चढताना मला दम लागला. सदाने दार उघडलं आणि मागे सरकला. दाढी वाढलेली, खिडकी बंद, अर्धा उंडा पाव कागदावर तसाच सुकलेला. मला बसायला त्याने आपली चादर झटकून दिली.  मग त्याने विचारलं, "चेडू कशी आसा?" मी म्हटलं, बरी आहे, खेळते. त्याने मान खाली घातली.

"ताप माझ्यामुळे इल्लो, बाबा."

"ताप पावसामुळे आला."

"हरलेला सगळा एकदा परत येवंदे. मगे मी देवाक दंड भरतंय आणि सुटतंय. म्हणान खेळतंय."

 म्हणजे माझा मुलगा आता देवाचं देणं फेडण्यासाठी खेळत होता! आम्ही जी शपथ त्याला वाचवायला घातली होती, तिच्यातून सुटायला तो पुन्हा पुन्हा तो मोबाइल हातात घेत होता. बाबल गांवकरांना, मला, मागे 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्या कुणालाही हे स्वप्नातही सुचलं नसतं.

मग त्याने जे विचारलं, ते मी अपेक्षित धरलंच होतं. "तुमी कौल लावलो मा? देवान काय सांगल्यान?"

उजवी पडली म्हणून सांगितलं असतं तर तो त्या क्षणी उठला असता. माझ्या शब्दावर गावाने कधी शंका घेतली नव्हती, त्याने तर मुळीच नसती घेतली. जिभेवर आलं होतं. पण त्याला कळ्या लावायला मी शिकवलं होतं. तो उद्या मला विचारील, किती वेळाने पडली, आणि मी आणखी एक खोटं बोलेन. घरात खोटं बोलणारा एक आहे तेवढा पुरे होता.

"देव काय बोलाक नाय," मी म्हटलं. देवापुढचं सांगणं सोडलं तर मी सहसा शुद्ध बोलतो, पण त्या दिवशी तोंडातून आपली भाषाच आली. "मी बोलतंय. घरा चल."

"आणि परत खेळलंय तर?"

"तर येवन सांग."

तो रडला नाही. उंडा कागदात गुंडाळला, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागला. बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला, पेडणे येईपर्यंत. इतका मोठा झाल्यावर मुलगा खांद्यावर झोपला तर बापाला हलता येत नाही. माझा हात बधिर झाला होता, पण तसाच ठेवला.

इथे गोष्ट संपली असती तर त्या गृहस्थांना हवा होता तो चमत्कार झाला असता. तसं झालं नाही. घरी आल्यावर शैलाने त्याचा मोबाइल ठेवून घेतला आणि बटणांचा साधा फोन दिला. पगार तिच्या हातात येऊ लागला. मी गावात घरोघरी जाऊन सांगितलं, की सदाला उसने देऊ नका. मुलाबद्दल असं सांगत फिरताना माणसाला काय होतं ते मी लिहीत नाही. डॉक्टरीणबाईंकडे तो शैलाबरोबर जायला लागला. शैला त्याच्याशी नीट बोलते, वाढते, पण पूर्वी तो आला की तिचा चेहरा उजळायचा, ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. माझे गुडघे गेले, रोजची पूजा मी सोडली. आमच्या घराची पाळी आता चुलतभावाच्या मुलाकडे गेली आहे. सदाचा तो स्थिर हात. असो. सोमवारची आरती अजून मी करतो, तेवढी त्यांनी मला ठेवली आहे.

सदा देवळात पाऊल टाकत नाही. मी त्याला एकदाही चल म्हटलं नाही. पण एका सोमवारी आरती चालू असताना पाहिलं, तर अंगणात तुळशीपाशी तो उभा. हात जोडलेले नव्हते. नुसता उभा होता, आणि कधीही निघून जाईल असा, एक पाय मागे घेऊन.

आरती संपली, रांग लागली. मी पाहिलं, तो रांगेत येत नव्हता. मग मी तीर्थाचं भांडं आणि पळी उचलली आणि उंबरा ओलांडला. गुडघ्यांमुळे मला पायऱ्या उतरायला वेळ लागतो. सगळे बघत राहिले. बाबल गांवकर पुढे झाले. "पांडू, चलतो-फिरतो माणूस भायर उबो, आणि तेका तीर्थ भायर? रीत ती तुका आमी शिकवची काय?"

"रीतीनंच जातंय," मी म्हटलं. "आजारी आसा तो."

 बाबल गांवकरांनी पुढच्या दोन माणसांना बाजूला करून मला वाट दिली. इतक्या वर्षांची ओळख आमची. त्यांनाही कदाचित त्या वेळी आमची चूक कळली असेल.

सदाने ओंजळ केली. मी तीर्थ घातलं. कळी लावताना कधी न हललेल्या त्या हाताच्या बोटांतून पाणी गळलं. मी दुसरी पळी घातली. ती त्याने प्यायली, हात डोक्यावरून फिरवला आणि खाली बघत म्हणाला, "काल परत खेळलंय, बाबा. गॅरेजातल्याचो मोबाइल घेवन."

मागे सगळं गाव उभं होतं. ऐकलं असेल कुणी, नसेल. म्हापशाहून परत आल्यापासून त्या नादाबद्दल त्याने आपणहून सांगितलेलं ते पहिलं वाक्य. मला किती वाईट वाटलं आणि त्याच वेळी किती बरं वाटलं ते मला सांगता येणार नाही.

"सांगलंस ता बरा केलंस," मी म्हटलं.

त्यानंतर तो सोमवारी येतो. तुळशीपाशी उभा राहतो. कधी म्हणतो, या आठवड्यात नाही. कधी काही न बोलता हात पुढे करतो, आणि मग मी विचारत नाही, घातलेलं पाणी तो पिईपर्यंत उभा राहतो. आत ये म्हणून मी त्याला ओरडत नाही. आरती संपली की आधी बाहेर बघतो, आणि तो दिसला की मी पळी भरून घेतो आणि उंबरा ओलांडतो.